मुद्रितशोधकाचे बोट

थाळी खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा तिला आधी वाटले, आपल्याच डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत. तिने चष्मा काढला, कोटाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. ठिपके जागच्या जागी होते.

तळहाताएवढी ती प्लास्टिकची थाळी, आणि तिच्यात करंगळीचे टोक जेमतेम मावेल एवढाले खळगे. एकेका खळग्यात एकेका रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिने आदल्या दिवशी सोडल्या होत्या आणि त्यांच्यापुढे मेलेल्या जिवाणूचा चुरा टाकला होता. ज्या पेशीला तो चुरा ओळखीचा वाटतो आणि ओळख पटताच जी खवळून उठते, ती आपल्या जागी एक जांभळा ठिपका ठेवून जाते. निवांत रक्ताचा खळगा जवळजवळ कोरा राहतो. त्या रुग्णांपैकी एक, छापखान्यातले मुद्रितशोधक, त्यांचा खळगा मागच्या खेपेस असाच कोरा होता. आज तो जांभळाजर्द झाला होता. एक ठिपका कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते सांगता येत नव्हते.

तिने पहिला संशय स्वतःवर घेतला. दमलेल्या माणसाला आपल्या हातचे काहीच खरे वाटत नाही. पण शेजारचे खळगे स्वच्छ होते, आणि ज्यात काहीच टाकले नव्हते तो खळगाही हवा तसा रिता होता. म्हणजे चूक थाळीत नव्हती. जे होते ते त्या माणसाच्या रक्तात होते.

ती खुर्चीत बसली. शीतकपाट घरघरत होते. या प्रयोगशाळेत तिला इतकी वर्षे झाली होती की इमारतीतली माणसे तिला पदाने ओळखतच नसत. रुग्ण तिला ‘रक्तवाली बाई’ म्हणत, आणि तिला त्याचे वाईट वाटण्याचे दिवसही मागे पडले होते. थकवा आता कामावरून येत नसे, कामाच्या आधीच तो येऊन बसलेला असे, तिच्याच खुर्चीत, तिची वाट बघत.

कुष्ठरोगाचा जिवाणू मोठा संथ. त्याला घाई नाही, ताप नाही, ठणका नाही. तो नसांच्या आत बिऱ्हाड करतो आणि माणसाच्या शरीराला वर्षानुवर्षे त्याची दाद नसते. गोळ्यांनी तो मरतो. पण मेल्यावरही त्याचे तुकडे नसेच्या आत पडून राहतात, आणि एखाद्या दिवशी, सगळे संपले असे वाटत असताना, शरीराच्या पेशींना जाग येते. ती जाग उशिरा उठलेल्या पहारेकऱ्याची असते. चोर केव्हाच मेला आहे. हा मात्र अंधारात काठी फिरवत सुटतो, आणि फुटते ते घरातले सामान. नस सुजते, आवळली जाते, आणि तिच्या टोकाची बोटे बधिर होतात. कधी गाजावाजा करून, कधी अगदी गुपचूप. वेळेत स्टिरॉइड दिले तर पेशी शांत होतात आणि बोटे परत येतात. उशीर झाला तर येत नाहीत.

आणि मुद्रितशोधकांची बोटे म्हणजे केवळ बोटे नव्हती. ते जन्मापासून दृष्टिहीन होते. अंधांसाठी ब्रेल लिपीत पुस्तके छापणाऱ्या छापखान्यात ते पाने तपासत. कागदावर उठलेल्या ठिपक्यांवरून उजव्या हाताची तर्जनी फिरवत आणि छापलेले ओठांवर आणत. ते बोट गेले तर त्यांचे वाचन जाईल, नोकरी जाईल, आणि ज्या एका वाटेने जगाची अक्षरे त्यांच्यापर्यंत येत ती वाट बंद होईल.

ती उठली आणि जिना उतरून खाली गेली.

खालच्या मजल्यावर, हातांची तपासणी होते त्या खोलीत, ते नेमके आलेले होते. टेबलावर उताणा ठेवलेला त्यांचा उजवा हात, समोर स्टुलावर दोरेवाले, आणि भिंतीकडच्या बाकावर त्यांची धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी घरात ती अजून ‘चिमणी’च होती.

दोरेवाले म्हणजे व्यायामोपचार करणारे गृहस्थ. त्यांच्या पेटीत नायलॉनचे दोरे होते, रंगीत दांड्यांना बसवलेले. हिरव्या दांडीचा दोरा सर्वांत बारीक, मग निळा, मग जांभळा, आणि लाल सर्वांत जाड. दोऱ्याचे टोक कातडीवर टेकवायचे, तो किंचित वाकेपर्यंत दाबायचे, आणि रुग्णाने ‘हो’ म्हणायचे. जेवढा बारीक दोरा कळेल तेवढी नस जिवंत. रुग्णाला आपला हात दिसू नये म्हणून मध्ये एक पुठ्ठा उभा करण्याची पद्धत होती. मुद्रितशोधक येत तेव्हा तो पुठ्ठा फळीवरच राही. त्याची इथे काय गरज?

“डोळे मिटा,” दोरेवाले सवयीने म्हणाले.

“मिटूनच आलोय.”

“दादा, दर खेपेला तोच विनोद,” बाकावरून बहीण म्हणाली. “शिळा झाला रे आता.”

“विनोद शिळा होत नाही चिमणे, ऐकणारे शिळे होतात. कोण आलंय? रक्तवाल्या बाई ना? चप्पल ओळखली. आज पण नेणार का बाटली भरून?”

“आज नाही,” ती म्हणाली. “आज नुसती बघायला आले.”

“बघा, बघा. बघायचे पैसे पडत नाहीत.”

दोरेवाले पुढे वाकले. स्टूल करकरले. दोरा टेकला. “हो.” पुन्हा स्टूल, पुन्हा दोरा. “हो.” मग थोडी उसंत, दोरेवाल्यांचा रोखलेला श्वास, आणि “हो.” अंगठा, तर्जनी, मधले बोट, करंगळी. हिरवा दोरा तर्जनीच्या टोकावर वाकला आणि मुद्रितशोधक जवळजवळ कंटाळून म्हणाले, “हो, हो.”

“पैकीच्या पैकी!” दोरेवाल्यांनी पेटी मिटली. “माझ्या स्वतःच्या हाताला एवढं कळत नाही हो.”

तिने दोरेवाल्यांना दाराशी बाजूला घेतले आणि थाळीत पाहिलेले सांगितले.

“मॅडम,” ते समजुतीने म्हणाले, “तुमच्या थाळीत काय उगवलंय ते तुमचं तुम्हाला ठाऊक. हात माझ्यासमोर होता. हात उत्तम आहे.”

मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितले, फक्त चहा पीत पीत. ते वाईट गृहस्थ नव्हते; दिवसभर माणसे पाहून त्यांचाही चेहरा उतरलेला होता. “कातडीवर लाली नाही, नस दाबली तर दुखत नाही, दोरे सगळे कळतात. मी स्टिरॉइड कशाच्या जोरावर देऊ? ठिपक्यांच्या? त्यांची साखर आधीच काठावर आहे. ती भडकली, पायाला जखम होऊन चिघळली, तर उत्तर द्यायला तुमची थाळी येणार आहे का?”

ते म्हणत होते त्यात गैर काहीच नव्हते. ही तपासणी संशोधनासाठी आहे, तिच्यावरून उपचार ठरवू नयेत, हे वाक्य तिच्याच अहवालात होते, आणि ते तिनेच लिहिले होते, चांगले विचारपूर्वक.

संध्याकाळी घरी नवरा भांडी विसळत होता. तिचा चेहरा पाहून त्याने नळ बारीक केला.

“काय झालं?”

“एकाचं रक्त चिडलंय.”

“मग शांत करा.”

“हात चांगला आहे म्हणतात.”

“मग चिडू दे,” तो म्हणाला, आणि तिच्या हातात पुसायला फडके दिले. ती ताटे पुसत राहिली. प्रत्येक ताट उजेडात धरून पाहण्याची तिची सवय त्याला ठाऊक होती.

चाचणी पुन्हा करायची तर ताजे रक्त हवे होते. तिने निरोप पाठवला तेव्हा बहिणीचा फोन आला. शाळेचे पुस्तक अंगावर आले आहे, दादाला छापखान्यातून हलता येत नाही. डॉक्टरांना जमेल का तिकडेच यायला?

“फक्त एक आहे, डॉक्टर,” बहीण आवाज दाबून म्हणाली. “इथे कुणाला आजाराचं माहीत नाही. तुम्ही विम्याच्या बाई म्हणून या.”

विम्याच्या बाई म्हणून ती गेली. गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीसारखा आवाज करणारी एक लांबट इमारत. आत एक यंत्र जाड पिवळसर कागदावर ठिपके उठवत होते, धड-धड-धड, आणि उठलेली पाने सुकवायला ठेवलेल्या कपड्यांसारखी एका तारेवर ओळीने अडकवली जात होती. शाईचा वास कुठेच नव्हता. शाई नसलेला छापखाना तिने पहिल्यांदाच पाहिला. नुसत्या कागदाचा कोरडा, बिनरंगी वास होता.

मागच्या खोलीत भाऊ-बहीण समोरासमोर बसली होती. त्यांच्या कामाची रीत अशी, की भावाने बोटाने वाचून मोठ्याने म्हणायचे आणि बहिणीने समोरच्या साध्या छापील पुस्तकात पाहत जुळवून घ्यायचे. बहिणीला ब्रेल डोळ्यांनी वाचता येई, टेबलापलीकडून उलटेसुद्धा. दोघांचे आयुष्य या टेबलाच्या दोन बाजूंना गेले होते. बहिणीने लग्न केले नव्हते. विचारणाऱ्याला ती सांगे, की आधी हे पुस्तक संपू दे.

“या विम्याच्या बाई,” मुद्रितशोधक मोठ्याने म्हणाले, बाहेर ऐकू जाईल असे. मग हळूच, “मेल्यावर पैसे मिळणार ना नक्की?”

“हप्ते भरलेत का?”

“रक्तानं भरलेत की.”

बहीण फिसकन हसली. ते पान संपेपर्यंत थांबायचे ठरले. भूगोलाचा धडा होता, वाळवंटातल्या वाऱ्यांवरचा. त्यांची तर्जनी ओळीवरून सरकत होती आणि आवाज तिच्यामागून संथ, भरदार चालत होता. मध्येच एखाद्या वाक्याला ते मान हलवून दादही देत. ऐकता ऐकता तिला पेंग येऊ लागली. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तिला दिसले, की बहिणीची पेन्सिल एका जागी थांबली, पानाच्या कडेला बारीकशी खूण करून पुढे गेली. भाऊ मात्र तिथे अडखळला नव्हता. थोड्या वेळाने पुन्हा एक खूण. तिला त्याचा अर्थ लागला नाही, आणि विचारण्याइतकी उमेदही नव्हती.

पान संपले. तिने पिशवीतून सामान काढले. आधी साखर बघायची होती, बोटाच्या टोकावर टोचून.

“वाचायचं बोट सोडून,” ते म्हणाले. “ते राखीव आहे.”

“मधलं घेते.”

ती टोचणीचे झाकण काढत होती, आणि थकलेल्या हातातून नको तिथे दाब पडला. खटका हवेतच उडाला, त्यांच्या बोटापासून वीतभर दूर.

“आई गं!” मुद्रितशोधक म्हणाले, आणि त्यांनी हात किंचित मागे घेतला. “जोरात टोचता हो तुम्ही.”

यंत्राची धडधड पलीकडून येत होती. तिने त्यांच्या मधल्या बोटाकडे पाहिले. रक्ताचा थेंब नव्हता, कुठून येणार? तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यावर लबाडी नव्हती. टोचल्याची खरीखुरी नाराजी होती, अजून ओसरत असलेली.

तिने कापूस बाटलीतल्या पाण्यात बुडवला, कसलाही वास नसलेल्या. श्वास न सोडता त्यांचा हात मनगटाशी धरला, आणि तो ओला कापूस त्यांच्या तर्जनीवर, त्या राखीव बोटाच्या टोकावर, टेकवला. पाण्याचा ओघळ बोटावरून तळव्यात उतरला. मुद्रितशोधक बहिणीला सांगत होते की वाळवंटावरचा हा धडा लिहिणाऱ्याने आयुष्यात वाळू पाहिलेली नसणार. ओघळ तळव्याच्या मध्यापर्यंत आला. ते बोलतच होते. करंगळीच्या बाजूला पाणी पोचले तेव्हा ते थांबले.

“हे काय, पाणी सांडलं का?”

“हो,” ती म्हणाली. “माझ्या हातून.”

रक्त घेऊन झाल्यावर बहीण तिला दारापर्यंत सोडायला आली. पानांच्या तारेखाली दोघी उभ्या राहिल्या.

“तुम्ही पेन्सिलनं खुणा कसल्या करत होता?”

बहिणीने आधी आत पाहिले. “तुमच्या लक्षात आलं.”

“सांगा.”

“दादा हल्ली अर्थावरून वाचतो.” ती एकेक शब्द ठेवून बोलत होती. “पानावर एखादा ठिपका उठलेला नसतो, शब्द भलताच झालेला असतो, आणि तो बरोबर शब्द म्हणून पुढे जातो. आमच्या धंद्यात याच्याइतकं वाईट काही नाही. बाकीच्यांनी अर्थ वाचायचा, आम्ही अक्षर वाचायचं. त्यानंच मला हे शिकवलंय, डोक्यात टपली मारून. मला वाटलं, वय झालं. मग वाटलं, आळस करतोय. मी आपली गुपचूप दुरुस्त करते.”

“त्यांना सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? सांगितलं तर उद्यापासून तो इथे पाय ठेवणार नाही. मी ओळखते ना त्याला. मग घरी आम्ही दोघं आणि त्याचे हात मांडीवर.” तिने तारेवरचे एक पान सरळ केले. “पण ते दोरेवाले तर म्हणाले, हात उत्तम आहे.”

“हात उत्तम नाही,” ती म्हणाली. “कान उत्तम आहेत.”

परतीच्या वाटेवर तिला वाटले होते, आपल्याला बरे वाटेल. ठिपके खरे ठरले होते. पण पाय तेवढेच जड होते.

दोरेवाल्यांना तिने सांगितले तेव्हा ते आधी हसले, मग तांबडे झाले, मग बराच वेळ पेटीचे कुलूप उघडत-मिटत राहिले. दुसऱ्या दिवशी मुद्रितशोधकांना बोलावून घेतले. खोलीतला नळ पूर्ण सोडला होता आणि पंखा भरधाव. दोरेवाल्यांनी करकरणारे स्टूल बाहेर नेऊन ठेवले होते, पायातले बूट काढले होते, आणि ते मोज्यांवर उभे होते.

“कानात कापूस घालायचा आहे,” ती म्हणाली.

“का बरं?”

“हाताला काय कळतं ते बघायचंय. नुसत्या हाताला.”

“डोळे दिलेच नाहीत, आता कानही काढून घ्या,” ते म्हणाले. पण त्यांनी डोके पुढे केले, आणि बहिणीने लहान मुलाला टोपरे बांधावे तसा जपून तो कापूस कानांत बसवला. ठरले ते असे, की काही लागले तर डावा हात वर करायचा.

दोरेवाले वाकले. हिरवा दोरा तर्जनीवर टेकला, वाकला, उचलला. डावा हात मांडीवर होता. निळा. अंगठ्यावर, मधल्या बोटावर, पुन्हा तर्जनीवर. करंगळीवर टेकताच डावा हात झटकन वर आला, आणि बहिणीच्या तोंडून आशेचा एक आवाज निघाला. पण दोरा परत तर्जनीकडे गेला आणि हात खालीच राहिला. जांभळा दोरा. दोरेवाल्यांच्या कपाळावर घाम आला होता, पंख्याखालीसुद्धा. ते मुद्दाम वेळ बदलत होते, कधी लागोपाठ, कधी बऱ्याच अंतराने. जांभळा दोरा बोटाच्या टोकावर धनुष्यासारखा वाकला. कातडीवर त्याचा खळगा उमटलेला तिला दिसला.

“अहो, सुरू करा की!” मुद्रितशोधक मोठ्याने म्हणाले. कानांत कापूस असल्यामुळे आवाजाचा अंदाज त्यांना नव्हता. “पाणी फुकट चाललंय केव्हाचं.”

दोरेवाल्यांनी दोरा खाली ठेवला. त्यांनी तो सगळा तळवा दोनदा तपासून संपवला होता.

कुणीतरी नळ बंद केला. बहिणीने कापूस काढला. खोलीतली शांतता मुद्रितशोधकांना बहुधा डोळसांना चेहरे दिसतात तशी स्पष्ट दिसली असावी, कारण त्यांचे हसू हळूहळू मावळले.

“झालं?”

“झालं,” ती म्हणाली.

“म्हणजे मी इतके दिवस खोटं बोलत होतो.”

“नाही. तुम्हाला खरंच कळत होतं. फक्त बोटानं कळत नव्हतं.”

त्यांनी उजवा हात उचलला आणि अंगठा तर्जनीवर घासला, जणू दोन परकी माणसे एकमेकांना ओळख विचारताहेत. मग ते म्हणाले, “आणि ती पानं?”

“कोणती?”

“मी पास केलेली. मागचं अख्खं पुस्तक गेलं मुलांकडे.”

“मी बघितलंय ते,” बहीण म्हणाली. “सगळं बघितलंय, दादा. चुका काढल्या.”

ते तिच्याकडे वळले. “तुला माहीत होतं.”

“थोडंसं.”

“आणि तू गप्प बसलीस? चूक दिसली की सांगायची, एवढं एकच तुला शिकवलं मी.”

“पानावरची!” ती एकदम भडकली. डोळे पुसत, नाक ओढत, खोलीत परकी माणसे आहेत हे विसरून. “पानावरची चूक सांगायची. तू काय छापील पान आहेस?”

दोरेवाले खाली बसून बूट घालू लागले आणि त्यांना नाडी काही केल्या बांधता येईना.

मोठ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू केले. या वेळी त्यांनी चहा बाजूला सरकवला होता. “किती दिवस झाले असतील नस जाऊन?” त्यांनी विचारले. तिने सांगितले की कुणालाच ठाऊक नाही, मुद्रितशोधकांना स्वतःलाही नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि साखरेची औषधे वाढवून दिली.

स्टिरॉइड सुरू झाल्यामुळे मुद्रितशोधकांचे रक्त आता तिच्या अभ्यासात चालणार नव्हते. तरी एकदा तिने त्यांची थाळी लावून पाहिली. खळगा पुन्हा कोरा होता. पेशी निजल्या होत्या. हेच तर हवे होते, आणि तरी त्या कोऱ्या वर्तुळाकडे पाहताना तिला वाटले, की शरीराला नुसते जागे होणेही जमत नाही आणि नुसते निजणेही. प्रत्येक वेळी मध्ये कुणाचा तरी हात सापडतो.

महिने गेले. स्टिरॉइडने मुद्रितशोधकांचा चेहरा सुजून गोल झाला. साखर भडकली आणि बहीण रोज सकाळी त्यांना इन्सुलिन टोचू लागली. छापखान्यात त्यांनी स्वतःच जाऊन सांगितले की बोटाची नस दबली आहे, बरे होईपर्यंत तपासलेले पान माझ्या नावावर धरू नका. घरी ते डाव्या हाताने वाचायला शिकत होते. बहीण सांगे, की बालवाडीतल्या मुलासारखे वाचतात, एकेक अक्षर, आणि चिडतात. चिडले की म्हणतात, हा हात अडाणी आहे, याला आयुष्यभर नुसता कागद धरायला ठेवला मी.

औषध संपत आले तेव्हा पुन्हा हात तपासायचा दिवस आला. ती वरून खाली आली. तिचे तिथे काही काम नव्हते. ती जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश उतरली, दाराशी उभी राहिली. दोरेवाल्यांनी बूट आधीच काढले होते. एका हाताने ते नळ सोडायला गेले.

“नळ राहू द्या,” मुद्रितशोधक म्हणाले. “कापूसही नको.”

“अहो, पण मग कळणार कसं?”

“मी सांगतो ना. घ्या.”

दोरेवाल्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली. ते वाकले. गुडघा कटकन वाजला. हिरवा दोरा तर्जनीवर टेकला.

“ऐकलं,” मुद्रितशोधक म्हणाले.

दोरेवाले थांबले. मग त्यांनी निळा घेतला.

“ऐकलं. दांडी बदललीत तेही ऐकलं.” त्यांचा चेहरा ताठ होता, अवघड हिशेब तोंडी करणाऱ्या माणसासारखा. आलेल्या आवाजाला ते दाराबाहेर उभे करत होते आणि बोटाकडे कान लावून बसले होते. “लागलं काहीच नाही.”

निळा दोरा मधल्या बोटावर गेला. त्यांनी मान बोटाकडे झुकवली. बहिणीने बाकाची कड घट्ट धरली होती.

“इथे काहीतरी आहे,” ते म्हणाले. “लिहू नका अजून. पुन्हा एकदा टेकवा.” दोरेवाल्यांनी टेकवला. “हो. हे लागलं.”

“आणि आता?” जांभळा दोरा तर्जनीच्या टोकावर वाकला.

“ऐकलं.”

लाल दोरा, सर्वांत जाड. खोलीत सगळ्यांनीच श्वास धरला, आणि तो धरल्याचा आवाज त्यांना नक्कीच आला असणार, कारण ते किंचित हसले आणि डोके हलवून तो आवाज झटकला. मग त्यांनी वाट पाहिली.

“हे लागलं,” ते म्हणाले. “भिंतीपलीकडून कुणी दार वाजवावं तसं. पण लागलं.”

“लाल आहे,” दोरेवाले हळूच म्हणाले.

“म्हणजे जाडा?”

“सगळ्यात जाडा.”

“ब्रेलचा ठिपका केवढा असतो, माहीत आहे ना तुम्हाला?”

बहीण उठली, भावाच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि मग काही विचार करून डाव्या बाजूला आली.

“लिहा,” मुद्रितशोधक म्हणाले. “मधलं बोट, निळा. वाचायचं बोट, लाल. आहे तसं लिहा.”